मडगार्डचा पोचा

११ नोव्हेंबर

जावईबापू,

पत्र बघून घाबरू नका, इकडे सगळे धडधाकट आहेत. फोनच केला असता, पण तो आमची लेक उचलणार, आणि तिच्यामार्फत तुमच्याशी बोलणं म्हणजे वकिलामार्फत बोलणं. तीन वर्षं आपलं तसंच चाललंय. ‘बाबा विचारतायत, बरे आहात ना?’ ‘सांग, बरा आहे.’ ती बिचारी मध्ये उभी.

काम किरकोळ आहे. तुमची बदली झाली तेव्हा तुम्ही आमच्या शेडमध्ये जुनी हिरवी सायकल ठेवून गेलात. तिचं पुढचं चाक वाकलंय. दुकानदार म्हणतो, या मापाचं चाक आता मिळत नाही, जुन्या मालकाला विचारा. म्हणून विचारतोय.

चाक कसं वाकलं म्हणाल तर तुमच्या सासूबाई पडल्या. विशेष काही नाही. गल्लीच्या तोंडाशी पडल्या, कोपर खरचटला, गुडघ्याला सूज होती ती आता उतरली. चालायचंच.

त्या सायकल चालवतात याचं तुम्हाला नवल वाटणार नाही. मला मात्र वाटलं होतं. दीड वर्षापूर्वी मी आपल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात बसलो होतो. खिडकीतून एक बाई सायकलवर जाताना दिसली. हँडलला पिशवी, पाठ ताठ. वळायच्या आधी तिने व्यवस्थित हात दाखवला. मी मनात म्हटलं, वा, हिला कोणीतरी नीट शिकवलंय. ती वळली, तोंड दिसलं, आणि बघतो तर आमचीच मंडळी! छत्तीस वर्षं माझ्या शेजारच्या सीटवर बसून ‘अहो, जरा हळू’ म्हणणारी बाई. संध्याकाळी विचारलं, हे कधी शिकलीस? भाजी चिरता चिरता म्हणाली, ‘जावयांनी शिकवलं. तुम्ही त्यांच्याशी बोलणं टाकलंत ना, त्याच महिन्यात. मी रोज सकाळी मैदानावर काही फिरायला जात नव्हते.’

त्यावर मी आठ दिवस जेवताना बोललो नाही. तिच्यावर काडीचाही परिणाम झाला नाही.

सध्या गाडी बंद आहे. बॅटरी उतरलीय. बाजारहाट सगळा सायकलवर होता, तोही अडलाय, म्हणून चाकाची घाई.

लेकीला आशीर्वाद. भिंगरीला सांगा, आजोबा विचारत होते. नऊ वर्षांची झाली म्हणे.

तुमचा सासरा


२१ नोव्हेंबर

जावईबापू,

चाक पोचलं. मी फक्त कुठे मिळेल ते विचारलं होतं, तुम्ही चाकच पाठवलंत. वर गोणपाटात गुंडाळलेला पाना आणि चार ओळींची चिठ्ठी. ‘नट दोन्ही बाजूंनी सारखे आवळा. ब्रेक आधी हाताने तपासा. गाडीची बॅटरी बदलायला अर्धा तास लागतो. तब्येत कशी आहे?’

शेवटच्या दोन वाक्यांवर मी बराच वेळ बसून होतो. तुम्ही डेअरीत दुधाची तपासणी करता. पाणी घातलेलं तुमच्यापासून लपत नाही हे मी विसरलो होतो.

बॅटरी ठणठणीत आहे. उतरलोय मी.

सप्टेंबरच्या शेवटी मी गाडी घेऊन घरी येत होतो. टळटळीत दुपार, रस्ता मोकळा. गल्लीत डावीकडे वळलो आणि धप्प आवाज आला. ब्रेक दाबला. बॉनेटच्या पलीकडून आधी एक हात वर आला, मग बाई उठली. तुमच्या सासूबाई होत्या. माझ्या डाव्या अंगाने सरळ चालल्या होत्या, मी त्यांच्या अंगावर वळलो. त्यांनी घंटीही वाजवली होती म्हणे. मला दिसल्याच नाहीत जावईबापू. छत्तीस वर्षं ज्या बाईचं तोंड बघतोय ती बाई हिरव्या सायकलीसकट माझ्या चार हातांवर होती आणि तिथे मला नुसता रस्ता दिसत होता.

त्या उठल्या, साडी झटकली, बॉनेटवर हात आपटला आणि एवढंच म्हणाल्या, ‘आता तरी?’

दुसऱ्या दिवशी सकाळी मला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रिक्षाने. तिथे एका मोठ्या पांढऱ्या भांड्यात तोंड घालून बसवतात आणि हातात बटण देतात. आत बारीक ठिपका चमकला की बटण दाबायचं. मी दाबत होतो, मग बराच वेळ ठिपका येईचना. मी म्हटलं, ‘बाई, तुमचं मशीन बंद पडलंय.’ त्या म्हणाल्या, ‘नाही हो मास्तर, मशीन चालू आहे.’

त्या माझ्याच स्कूलमध्ये गाडी शिकल्या आहेत. त्यांना ते वाक्य बोलणं जड गेलं असेल.

काचबिंदू आहे. समोरचं लख्ख दिसतं. हे पत्र मी चष्मा न बदलता लिहितोय, वर्तमानपत्र वाचतो, नाण्यावरचं साल सांगतो. कडा तेवढ्या गेल्यात. डावीकडच्या जवळजवळ सगळ्या, उजवीकडच्या थोड्या. असलेलं टिकवायला दिवसातून दोनदा थेंब घालायचे. गेलेलं परत येत नाही. ‘हे चार-पाच वर्षांपासून असणार,’ त्या म्हणाल्या. ‘आधी आला असतात तर बरंच वाचलं असतं. कोणी सांगितलं नाही का तुम्हाला?’

मी म्हटलं, नाही.

तिथेसुद्धा म्हटलं, नाही. तुमच्या सासूबाई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी पर्सची चेन उघडली आणि लावली.

आज एवढंच. पान संपलं नाही, पण मी थांबतो.

सासरा


५ डिसेंबर

जावईबापू,

तुम्हाला पूर्ण ठाऊक असलेली गोष्ट आज तुम्हालाच सांगणार आहे. हसू नका. माझ्या हाताने एकदा ती सरळ लिहून व्हायला हवी.

तुम्ही आमच्या घरी आलात तेव्हा पहिल्याच भेटीला सायकलवर आलात. पँटला क्लिप लावलेली. ड्रायव्हिंग स्कूलवाल्याचा जावई सायकलवर, म्हणजे न्हाव्याचा जावई दाढी वाढवून. घरात रोज नवा विनोद व्हायचा. तुमच्या मामेसासऱ्यांनी, आमच्या मेहुण्यांनी, तुमचं नावच ‘पायगाडी’ ठेवलं. आमच्या मुलाने तुम्हाला निम्म्या फीमध्ये शिकवायची तयारी दाखवली. तुम्ही खिशातून लायसन्स काढून दाखवलंत, दहा वर्षांपूर्वीचं. ‘येते मला गाडी,’ म्हणालात, ‘पण कामावर जायला सायकल पुरते. सकाळी डोकं मोकळं राहतं.’ लायसन्स असून सायकल! मग तर तुम्ही वेडेच ठरलात. मीही हसायचो. खोटं कशाला बोलू, सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसायचो.

मग चार वर्षांपूर्वीचा तो दिवस. मी गाडीत, तुम्ही मागून सायकलवर, दोघेही आमच्याच घरी निघालो होतो. कोपऱ्यावर बाबागाडी ढकलत एक बाई डावीकडून रस्ता ओलांडत होती. तुम्ही जिवाच्या आकांताने ओरडलात, ‘थांबा!’ मी आवाजाने दचकून स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी विजेच्या खांबाला नेऊन घातली. डावा दिवा फुटला, मडगार्ड पापडासारखं वळलं. ती बाई तान्ह्याला छातीशी धरून उभी होती, ओरडलीसुद्धा नाही. माझ्यात आणि तिच्यात एक वीत अंतर होतं.

तुम्ही तिला बाकावर बसवलंत, पाणी पाजलंत, मग माझ्याकडे आलात. ‘तुम्हाला त्या दिसल्या नाहीत का?’

मी म्हटलं, ‘उन्हाची तिरीप आली डोळ्यांवर.’

तुम्ही मान वळवून ऊन कुठे आहे ते बघितलंत. ते आपल्या पाठीमागे होतं. 

मला पुन्हा स्टिअरिंग धरवेना म्हणून गाडी तुम्ही घरी आणलीत. सायकल खांबाला कुलूप लावून ठेवलीत. आणि फार सुरेख चालवलीत, हे तेव्हा सांगायचं राहिलं. गिअर पडलेला कळत नव्हता. फाटकातून आत आलो तेव्हा किल्ली तुमच्या हातात होती. मुलगा धावत बाहेर आला, पोचा बघितला, किल्ली बघितली आणि म्हणाला, ‘झालं! पायगाडीने ठोकली!’

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मला बोलायला पुरेसा वेळ दिलात. एखाद्या शिकाऊ माणसाला चढावर गाडी उचलायला देतात तेवढा.

मी बोललो नाही. मग तुम्ही म्हणालात, ‘हो, माझ्याच हातून लागली.’

त्यानंतर चार वर्षं आमच्या घरात त्या पोच्यावरून विनोद होतायत. ‘येत नाही म्हणून तर सायकल!’ प्रत्येक वेळी मी तिथे बसलेला असतो.

दोन आठवड्यांनी तुम्ही ऑफिसात एकटे आलात, दार लावलंत आणि हळू आवाजात म्हणालात, ‘डोळे दाखवून घ्या. मी कोणाला काही बोलणार नाही.’ मी काय म्हणालो? ‘कालचा सायकलवाला मला गाडी शिकवायला आला!’ बाहेर दोन शिकाऊ मुली बसल्या होत्या, त्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. तुम्ही नमस्कार करून गेलात.

आणि मग वर्षभराने पुतण्याचं लग्न. सगळे हॉलवर निघालेले. भिंगरी नवा फ्रॉक घालून माझ्या गाडीत पुढे बसलेली, मी किल्ली फिरवणार, तेवढ्यात तुम्ही दार उघडलंत, तिला उचललंत आणि सायकलच्या कॅरिअरवर बसवलंत. ‘ती माझ्याबरोबर येईल.’ चाळीस पाहुण्यांसमोर. आमचे मेहुणे म्हणाले, ‘स्वतःला जमत नाही, तर पोरीलाही गाडीचं सुख नाही!’ लेक रडवेली झाली. मी म्हटलं, ‘ज्याला माझ्या गाडीत बसायची लाज वाटते त्याने माझ्या घरात बसू नये.’

खरं कारण तुम्हाला सांगता आलं असतं. एका वाक्यात माझं तोंड बंद झालं असतं. तुम्ही फ्रॉक चेनमध्ये अडकू नये म्हणून नीट खोचलात आणि निघून गेलात. लेकीलाही आजवर सांगितलं नाहीत. ती मला फोनवर म्हणायची, ‘बाबा, ते काही बोलतच नाहीत, मी तरी काय करू?’

तुमचा राग आला होता असं मी सगळ्यांना सांगत आलो. राग नव्हता. तुम्ही समोर आलात की मला ती बाबागाडी दिसायची. म्हणून तुम्ही समोर नको होतात.

येत्या रविवारी मेहुणे, मुलगा, सून सगळे जेवायला आहेत. मी सांगणार आहे. लेकीला तुम्हीच सांगा किंवा हे पत्र वाचायला द्या. माझी हरकत नाही. हरकत घ्यायला मी उरलोय कुठे.

सासरा


१७ डिसेंबर

जावईबापू,

सांगितलं.

जेवणं झाल्यावर सांगणार होतो, पण मेहुण्यांनी पहिल्याच घासाला तोंड उघडलं. ‘काय मास्तर, गाडी अंगणात झाकून ठेवलीय? पायगाडी पुन्हा चालवून गेला की काय?’ सून हसली. मी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि म्हटलं, ‘ती गाडी त्याने कधीच ठोकली नव्हती. मी ठोकली होती.’

मग सगळं सांगितलं. बाबागाडी, खांब, ऑफिसातलं बोलणं, लग्नाचा दिवस. सप्टेंबरमध्ये तुमच्या सासूबाईंना कोणी पाडलं, तेही. मुलाला आम्ही ‘खड्ड्यात घसरली’ असं सांगितलं होतं.

मला वाटलं होतं कोणीतरी ओरडेल. कोणी ओरडलं नाही. मेहुण्यांच्या हातातला घास तसाच राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना विनोद सुचला नाही. शेवटी म्हणाले, ‘आणि मी त्याला काय काय बोललो हो...’ आणि उठून हात धुवायला गेले ते दहा मिनिटं नळ चालू ठेवून तिथेच.

तुमच्या सासूबाईंनी भात वाढायला घेतला. म्हणाल्या, ‘मला ठाऊक होतं.’

‘काय ठाऊक होतं?’

‘पोचा तुमचा होता ते. जावई खोटं बोलले तेव्हा तुमच्याकडे बघत होते, आणि तुम्ही चपलांकडे.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होते. आणि तुम्ही बोलेपर्यंत घरात कोणाला तरी बाजारात जाता यायला हवं होतं. सायकल काय हौस म्हणून शिकले?’

 पान अर्धं टाकून मुलगा बाहेर गेला आणि स्कूलच्या गाडीत जाऊन बसला. मी थोड्या वेळाने गेलो, दुसऱ्या बाजूचं दार उघडून शेजारी बसलो. त्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असतो. सवयीने माझा पाय त्याच्यावर गेला.

तो काचेतून समोर बघत म्हणाला, ‘बाबा, शिकायला येणाऱ्याला पहिल्या दिवशी तुम्ही काय सांगता?’



‘लागली तर पळायचं नाही. उतरून उभं राहायचं. मी रोज तेच सांगतो. तुमचंच वाक्य, तुमच्याच आवाजात.’

‘उशीर झाला,’ मी म्हटलं.

‘चार वर्षं,’ तो म्हणाला. मग स्टिअरिंगवरून हात काढत, ‘त्यांना फोन करायला हवा मला.’

त्याने केला म्हणे. लेक सांगत होती, दोघेही पहिली पाच मिनिटं नुसते ‘हं, हं’ करत होते, आणि मग अर्धा तास सायकलच्या गिअरवर बोलले. पुरुषांची जात!

लेक मात्र माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला. ‘बाबा, मी यांना किती टाकून बोलले त्या लग्नावरून, ठाऊक आहे तुम्हाला?’ मी म्हटलं, ‘बोल मला.’ ती बोलली. मी ऐकलं. सगळं खरं होतं. शेवटी म्हणाली, ‘थेंब वेळेवर घालता ना?’ तेव्हा जरा जीव भांड्यात पडला.

लायसन्स परवा आरटीओच्या ऑफिसात जाऊन जमा केलं. खिडकीवरच्या कारकुनाने विचारलं, ‘हरवलं का?’ म्हटलं, नाही, परत करतोय. त्याला त्यासाठी कोणता फॉर्म द्यायचा ते कळेना. आत-बाहेर तीन फेऱ्या मारल्या. म्हणाला, ‘आजवर कोणी मागितलाच नाही.’

तुमचं पत्र काल मिळालं. इतक्या सगळ्यावर तुमचं उत्तर काय, तर ‘जानेवारीत या. बसने या, स्टँडवर मी येतो. थंडी आहे, स्वेटर आणा.’ मी ते तीनदा वाचलं, मागच्या बाजूला काही लिहिलंय का तेही बघितलं. नव्हतं.

येतो आम्ही.

सासरा


१० जानेवारी

जावईबापू,

सुखरूप पोचलो. बसमध्ये तुमच्या सासूबाईंनी खिडकी सोडली नाही.

आभार मानायला पत्र लिहितोय, कारण तोंडावर म्हणालो असतो तर तुम्ही ‘चला, उशीर होतोय’ म्हणून विषय बदलला असता. चार दिवसांत तसं सहा वेळा केलंत. मोजलेत मी.

पहिले आभार स्टँडवरचे. सामान सायकलला लटकवून तुम्ही माझ्या डाव्या हाताला चालायला लागलात. रस्त्यात एकदा बुटाची नाडी बांधायला थांबलो आणि मुद्दाम तुमच्या डावीकडे जाऊन उभा राहिलो. तुम्ही सायकल वळवून, वळसा घालून पुन्हा माझ्या डावीकडे आलात. तिथून जाणारी हातगाडी मला तुम्ही हात आडवा घातलात तेव्हा दिसली.

दुसरे आभार भिंगरीचे. तिला माझ्याविषयी वाकडं काही शिकवलेलं नाही. तिने मला सरळ विचारलं, ‘आजोबा, तुम्ही बाबांवर रागावला होता का?’ म्हटलं, ‘नाही गं, स्वतःवर रागावलो होतो. बाबा जवळ होते म्हणून त्यांना लागलं.’ तिने विचार केला आणि म्हणाली, ‘माझंपण असं होतं.’ मग तिच्या सायकलची घंटी दाखवायला घेऊन गेली. मी तिच्या मागे मैदानभर पळालो, म्हणजे चाललो. तुमच्या सासूबाई कठड्यावर बसून आम्हा दोघांना सूचना देत होत्या.

आता शेवटच्या दिवसाचं. तुमच्या डेअरीच्या फाटकावर, सकाळची पाळी सुटली तेव्हा. चहाच्या टपरीशी तुमचे सहाएक सहकारी उभे होते, सगळ्यांच्या सायकली भिंतीला टेकवलेल्या. तुम्ही माझी ओळख करून दिलीत. ‘हे माझे सासरे. पस्तीस वर्षं गाडी शिकवली. अर्ध्या गावाला शिकवलीय. डोळ्यांचा जरा त्रास झाला तर वेळेवर स्वतःहून लायसन्स परत केलं. असं कोणी करत नाही.’

सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं. एकजण म्हणाला, ‘मानलं पाहिजे.’

जावईबापू, तुम्ही पुन्हा किल्ली स्वतःच्या हातात घेतली होतीत. सवय आहे तुम्हाला. मी गप्प बसलो असतो तर चहा गोड लागला असता.

मी म्हटलं, ‘नाही हो. वेळेवर नाही आणि स्वतःहूनही नाही. यांनी चार वर्षांपूर्वी मला सांगितलं होतं, डोळे दाखवा. मी यांना घालवून दिलं. एका लेकुरवाळीला मारलं असतं मी, ती यांच्या ओरडण्याने वाचली. आणि गाडी ठोकल्याचा आळ यांनी स्वतःवर घेतला. यांना गाडी उत्तम येते, बरं का. माझ्यापेक्षा.’

टपरीवाला किटली हातात धरून थांबला.  तुमचे कान लाल झाले. तुम्ही जमिनीवरचा खडा पायाने इकडून तिकडे केलात, मग गरम पेला माझ्या हातात दिलात आणि म्हणालात,

‘घ्या बाबा. निवतोय.’

लग्नाला अकरा वर्षं झाली. इतकी वर्षं तुम्ही मला कधी कसलीच हाक मारली नव्हती. ‘अहो’ नाही, ‘मामा’ नाही, ‘मास्तर’ नाही. खाकरायचात आणि बोलायला लागायचात. मी तुमच्या सासूबाईंना म्हणायचो, या माणसाला मला काय म्हणावं तेच कळत नाही. आता वाटतं, तुम्हाला ते पहिल्यापासून कळत असावं. मी त्या जागी येऊन उभा राहीपर्यंत तुम्ही थांबला होतात.

चहा अर्धा मी सांडला, हे तुम्ही बघितलंत आणि बघितलं नाही असं केलंत. त्याचेही आभार.

थेंब वेळेवर घालतोय.

बाबा